समयाभावी

लहान मुलांचं हॉस्पिटल चालवायला घेतलंय म्हणता? अभिनंदन. मशीन्स आली, भिंतीवर जिराफ-हत्ती काढून झाले, लिफ्टमध्ये बासरी वाजते. आता राहिला स्टाफचा गौरव. त्याचं टेन्शन घेऊ नका, मी सांगते. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, 19 वर्षं काढल्यावर बाकी काही येवो न येवो, स्वतःचा गौरव होत असताना कुठे उभं राहायचं हे मला पक्कं कळलंय. 12 मेचा, म्हणजे नर्सेस डेचा अनुभव तर अगदी ताजा आहे. पायांची सूज उतरायच्या आत लिहून काढते.

सगळ्यात आधी टप्पा शोधा. तुमच्या भाषेत माइलस्टोन. हॉस्पिटलात टप्पे ढिगानं पडलेले असतात, पण सगळेच बॅनरवर शोभत नाहीत. तीन महिने युनिटमध्ये एकाही बाळाला इन्फेक्शन झालं नाही, हा टप्पा कामाचा नाही. जे झालंच नाही त्याचा फोटो कसा काढणार? रात्री तीन वाजता 27 आठवड्यांचं बाळ श्वास घ्यायचं विसरलं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरायला लागलं, कोणीतरी तळपायाला टिचकी मारली आणि ते पुन्हा श्वास घ्यायला लागलं, हे एका रात्रीत सहा वेळा झालं. त्याचाही फोटो नाही. वजन मात्र झकास. आकडा लिहिला की काम झालं. आमच्याकडे लिहिलं, ‘710 ग्रॅमचा चमत्कार!’

‘चमत्कार’ हा शब्द हाताशी ठेवाच. चमत्कार एक तर देव करतो नाहीतर डायरेक्टर. दोघांनाही ओव्हरटाइम द्यावा लागत नाही.

ते बाळ आमच्याकडे 81 दिवस होतं. दिवसाच्या तीन ड्युट्या धरल्या तर 243 ड्युट्या झाल्या. दर दोन तासांनी नळीतून दूध, आणि सुरुवातीला ते किती, तर एका वेळी एक मिली. आधी व्हेंटिलेटर, मग सीपॅप, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणारं मशीन. त्याचे प्रॉन्ग्ज, म्हणजे छोट्या नळ्या, नाकाला लावायचे, पण नाकाची त्वचा सोलली जाता कामा नये, म्हणून ते दर थोड्या वेळानं बघायचे. डोळ्यांची तपासणी. आईच्या छातीवर तासन् तास कांगारू केअर. 1,760 ग्रॅमचं होऊन घरी गेलं. यातलं काही बॅनरवर टाकू नका, जागा पुरत नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष, डायरेक्टर, देणगीदार दांपत्य आणि व्हेंटिलेटर कंपनीचा लोगो एवढ्यांना बसवायचं असतं. बाळ खाली कोपऱ्यात घाला. ते तसंही लहानच होतं.

नर्सेस डे आणि चमत्कार यांचे समारंभ वेगवेगळे करू नका. एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली की हॉलचं भाडं वाचतं.

आता समारंभ. हे नीट वाचा, इथेच बरेच जण चुकतात. आदल्या रात्री अकरा वाजता ग्रुपवर मेसेज टाकायचा, ‘उद्या सर्व सिस्टर्सनी जांभळी साडी नेसावी. उपस्थिती अनिवार्य.’ ज्या तेव्हा नाईटला आहेत त्यांनी जांभळी साडी कुठून आणायची हा त्यांच्या नियोजनकौशल्याचा प्रश्न. माझी साडी सकाळी नवऱ्यानं गेटवर आणून दिली. लिनन रूममध्ये गाद्यांच्या गठ्ठ्याला टेकून नेसले. जांभळी म्हणून त्यानं आणली ती वांगी रंगाची होती, त्यावरून मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. असो.

कार्यक्रम दहाचा ठेवावा आणि प्रमुख पाहुण्यांनी सव्वाबाराला यावं. आठला ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या ड्युटीवाल्यांकडे बाळं सोपवून मोकळ्या झालेल्या नाईटवाल्यांना मधल्या वेळेत खुर्च्या लावायला सांगता येतं. मग दीपप्रज्वलन. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या दिव्यावर प्रत्येक वक्त्यानं बोलायचं, मात्र क्रायमियाच्या युद्धात किती सैनिक कशानं मेले याचे तक्ते मांडून या बाईनं सरकारच्या तोंडावर मारले होते हे कोणी काढायचं नाही. नर्सच्या हातात दिवा शोभतो. आकडेवारी शोभत नाही.

स्टेजवर सात खुर्च्या. सातही भरल्या. त्यात नर्स एकही नाही, मेट्रन, म्हणजे आमची मुख्य नर्ससुद्धा खाली पहिल्या रांगेत. पण असं समजू नका की आम्हाला स्टेजवर बोलावलंच नाही. बोलावलं ना! तबक धरायला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ असलेलं तबक घेऊन मी आणि आणखी दोघी डावीकडे उभ्या राहिलो. अध्यक्षांचा सत्कार झाला, त्यांनी पाहुण्यांचा केला, पाहुण्यांनी डायरेक्टरांचा. देणगीदारांचा झाला. व्हेंटिलेटर कंपनीच्या एरिया मॅनेजरचा झाला. तो मुलगा बिचारा ओशाळला होता, नारळ घेताना माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘सिस्टर, तुम्ही बसा ना.’ अख्ख्या कार्यक्रमात मला बस म्हणणारा तो एकटा, आणि तो आमच्या हॉस्पिटलचा नव्हता. मी नारळ मोजले, अकरा होते. अकराव्यानंतर सूत्रसंचालिकेनं कागद दुमडला आणि गोड आवाजात म्हणाली, ‘एनआयसीयूच्या आमच्या सर्व भगिनी, समयाभावी प्रत्येकीचं नाव घेणं शक्य नाही, पण एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.’

समयाभावी! पाहुण्यांचा परिचय चौदा मिनिटांचा होता. त्यात त्यांनी शाळेत असताना पटकावलेलं वक्तृत्वाचं दुसरं बक्षीसही होतं. आम्ही युनिटमध्ये सगळ्या मिळून बावीस जणी आहोत. एक नाव घ्यायला दोन सेकंद लागतात. चव्वेचाळीस सेकंद नव्हते?

बाळाची आई आली होती. इंदापूरकडची, वीस-एकवीसची पोर. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं तर ती माइक धरून नुसतीच इकडेतिकडे बघत राहिली. ‘रात्रीच्या ताई कुठंयत?’ मी तिच्यापासून सहा हात अंतरावर तबक घेऊन उभी. 81 दिवस तिनं मला टोपी-मास्कमध्ये पाहिलेलं, चेहऱ्यावरून ओळखणार कशी? खाली उतरताना तिचा पाय अडखळला, तेव्हा मी सवयीनं म्हणाले, ‘हळू गं, पोराला सांभाळ.’ आवाजावरून तिनं ओळखलं. मग फोटोग्राफरनं आम्हाला बाजूला केलं, कारण केक कापायचा होता. बाळ 710 ग्रॅमचं होतं, केक पाच किलोचा.

आणि युनिटच्या मावशी? इनक्युबेटर पुसणाऱ्या, दुधाच्या वाट्या उकळणाऱ्या, कुणी चप्पल घालून आत आलं तर डॉक्टरलासुद्धा दारातून परत पाठवणाऱ्या? त्या हॉलमध्ये होत्या. केकचं क्रीम पुसत होत्या.

बाकीच्या सूचना थोडक्यात.

सर्टिफिकेट सगळ्यांना द्या, नावाची जागा कोरी ठेवा. ‘नाव तुमचं तुम्ही लिहा, पेन रिसेप्शनला आहे.’ सही छापील असावी.

‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो लिफ्टशेजारी लावा आणि ती मुलगी राजीनामा देऊन गेल्यावर चार महिने काढू नका.

पगाराचा विषय गौरवाच्या दिवशी काढू नये. सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावरून 2016 साली केंद्राच्या समितीनं लिहून ठेवलं होतं, की दोनशेच्या वर खाटा असतील तर खासगी नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्या, शंभर ते दोनशे असतील तर फार तर दहा टक्के कमी, आणि पन्नासच्या आतलं असेल तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नका. त्या कागदाचा तुम्हाला एक उपयोग आहे. खाटा मोजताना जपून मोजता येतात.

स्टाफ डेव्हलपमेंटबद्दल विचारलंत ना? ते नाईटनंतरच्या ऑफला ठेवावं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नवी करायची तर अशा प्रशिक्षणांचे क्रेडिट लागतात, म्हणजे आम्ही डोळे ताणत येणारच. विषय ‘तणावमुक्ती’ घ्यावा. मागच्या वेळी आलेल्या सरांनी डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, ‘आता फक्त श्वासाकडे लक्ष द्या.’ साहेब, आम्ही रात्रभर तेच करतो. दुसऱ्यांच्या. डोळे मिटल्यावर अर्ध्या जणी घोरल्या, फीडबॅक फॉर्मवर त्याची नोंद ‘गाढ विश्रांतीचा अनुभव’ अशी झाली.

खरं डेव्हलपमेंट हवं असेल तर आमच्या चेंजिंग रूममध्ये या. सध्या तिथे एकच कोर्स जोरात चालू आहे, जर्मन. मुली डबा खाताना क्रियापदं पाठ करतात. बी-टू पातळीची परीक्षा झाली की गेल्या जर्मनीला. तुम्ही एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये ‘पर्सनल रीझन’ लिहून घ्या आणि नव्या चौघी भरा.

त्या नव्या चौघींसाठी स्किल लॅब केलीच आहे तुम्ही. काचेचं कपाट, आत बाळाचा पुतळा, हातानं दाबून श्वास द्यायची बॅग, तीन मापांचे मास्क, सगळं प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. इन्स्पेक्शनवाले आले की कपाट उघडतं, ते गेले की बंद. चावी ज्या मॅडमकडे आहे त्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत. फार छान योजना आहे ही, पुतळा अजून नव्यासारखा आहे. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या साठ सेकंदांत त्याला श्वास मिळाला पाहिजे, त्याला गोल्डन मिनिट म्हणतात, हे मुलींना पीपीटीत शिकवलंय. पण मास्क चेहऱ्यावर कसा बसवायचा, हवा कडेनं गळतेय हे कसं ओळखायचं, बॅग किती दाबली की छाती उचलते आणि किती दाबली की फुफ्फुस फाटतं, हे पीपीटीत कळत नाही हो! ते हाताला कळावं लागतं. गेल्या महिन्यात एका नव्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा बॅग दाबली ती खऱ्या बाळावर. तिचे हात लटलटत होते. मी तिच्या हातावर हात ठेवून दाबत होते आणि माझी तीन बाळं पलीकडे अलार्म वाजवत होती. बाळ वाचलं. तुमचा अजून एक चमत्कार, लावा बॅनर.

शेवटची सूचना तुम्हाला द्यायची गरजच नाही, ती सगळ्यांना उपजत येते. टप्पा गाठला की ‘टीम’ म्हणायचं आणि चूक झाली की ‘ड्युटीवर कोण होतं?’ तेव्हा समयाभाव नसतो. पूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर, सही, वेळ, सगळं पाच मिनिटांत हजर. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तेव्हा त्यात दोन नर्सेसची नावं होती. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणारी कोण? पण त्यांची नावं मला आजही पाठ आहेत, तुम्हाला हवी तर पेपरात मिळतील. त्या रात्री सात बाळं बाहेर काढून वाचवली गेली. ती कोणाच्या हातांनी काढली, त्यांची नावं सांगा बघू.

बास झालं. तिरकस बोलायचा मला कंटाळा आला आता.

टप्पा कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर लांब जायला नको. 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत सायनच्या म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात मानवी दुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध दुसऱ्या आईच्या बाळाला. ते दूध आयांना समजावून काढून घेणं, पाश्चराइज करणं, जपणं, मोजून देणं, हे रोज उठून कोणीतरी करतं म्हणून ती चालते. आमच्याकडे पेढी मागून सहा वर्षं झाली. फ्रीजला बजेट नाही. पाच किलोच्या केकला होतं.

मला शाल नको, नारळ नको. व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे एक नर्स, हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय, इन्स्पेक्शनच्या दिवशी तुम्ही ते पाळूनही दाखवता, जनरल वॉर्डातून मुली उचलून आणून. मग उरलेले 364 दिवस कुठे जातं ते? 11 मेच्या रात्री माझ्याकडे चार बाळं होती. एक व्हेंटिलेटरवर, दोन सीपॅपवर, एक नुसतं वाढणारं. त्या चौघांना सकाळपर्यंत आणलं आणि मग तुमची तबकं धरली. ‘घरच्यासारखं’ म्हणता ना हॉस्पिटलला? घरात पाहुण्यांसमोर बाईला ताटकळत उभं करून नंतर तिच्या नावानं टाळ्या वाजवत नाहीत. एवढी साधी रीत तुम्हाला कळत नाही, आणि आम्हाला कम्युनिकेशन स्किल्स शिकवताय?

माझं सर्टिफिकेट अजून कोरंच आहे. धाकट्यानं मागच्या बाजूला लसावि-मसावि सोडवलेत.

आज पुन्हा नाईट आहे. सोबत नवी मुलगी दिलीय, तिसराच दिवस तिचा. ते कपाट तेवढं उघडा. चावी रजेवरच्या मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि ड्रॉवरची दुसरी किल्ली स्टोअरच्या मामांकडे असते. मी विचारून ठेवलंय, ते आठपर्यंत आहेत.