वहिनीच्या गळ्यातली ७ मिलिमीटरची गाठ

जुलैच्या शेवटी एका रात्री साडेअकराला वहिनीचा फोन आला. मी दक्षिण कोरियात सुवॉनला राहते. इथले साडेअकरा म्हणजे नागपुरात आठ, तिची कुकर लावायची वेळ. या वेळी ती कधी फोन करत नाही. "फोटो पाठवला बघ एक. काय लिहून राहिले हे, मला काहीच समजत नाही." त्रिमूर्तीनगरात त्यांच्या सोसायटीत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं होतं. रक्त, ईसीजी, आणि थोडे पैसे जास्त भरले तर गळ्याची सोनोग्राफी. वहिनीला कसलाही त्रास नव्हता. गळ्यात काही हाताला लागत नव्हतं, आवाज नेहमीसारखा होता. रिपोर्टवर थायरॉइडबद्दल एकच ओळ होती: उजव्या बाजूला ७ मिलिमीटरची गाठ, पुढील तपासणी करावी.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर सगळे जमले. कुणी म्हणालं मुंबईला टाटात दाखवा, कुणी म्हणालं कापून टाका आणि मोकळे व्हा. दादा ऑपरेशनच्या खर्चाचा हिशोब मांडून बसला. मी म्हटलं, थांबा जरा. त्यावर तो चिडला. "वेळेवर सापडलं हे नशीब समज. इथं लोक उशिरा जातात म्हणून मरतात. तुला तिथं बसून काय समजते इथलं?"

दादा चूक बोलत नव्हता. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, येणाऱ्या माणसांच्या रांगेत मी बाबांसोबत तासन्‌तास बसलेली आहे. गळ्यावर मुठीएवढा गलगंड घेऊन वर्षानुवर्षं काढलेल्या बाया मी तिथं पाहिल्या आहेत. त्यांना सोनोग्राफी फार आधी मिळायला हवी होती. पण वहिनी त्या रांगेतली नव्हती. आणि धडधाकट माणसांच्या गळ्यावर सोनोग्राफीचं जाळं टाकलं की काय होतं, ते मी २०१० पासून ज्या देशात राहते त्या देशाने भोगलं आहे.

दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हता. पण ३० ते ५० डॉलर जास्त घेऊन दवाखाने गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायचे आणि लोक हौसेने करून घ्यायचे. २०१२ साली तपासणीच्या फॉर्मवर मीसुद्धा त्या चौकोनात खूण केली होती. आपलं थोडक्यात भागलं हे तेव्हा मला कळलंही नाही. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं होतं. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना तुम्हाला कर्करोग आहे असं सांगण्यात आलं. मृत्यू मात्र आधी वर्षाला तीन-चारशे होते, नंतरही तेवढेच राहिले. एवढ्या गाठी वेळेवर पकडल्या म्हणायच्या, तर मरणारे कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत, कारण सापडलेल्या बहुतेक गाठी कुणाला मारणाऱ्या नव्हत्याच.

आमच्या शेजारी एक बाई राहतात. मी त्यांना ऑन्नी म्हणते, म्हणजे ताई. त्यांच्या गळ्याच्या खळगीवर एक आडवी, फिकट रेघ आहे. ६ मिलिमीटरच्या गाठीसाठी त्यांची पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, तीही जन्मभर. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावल्या, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या. एखादी चुकली की ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. त्या चर्चमध्ये गायच्या. आता वरचा सूर लागत नाही. मागे एकदा भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी फक्त पोटाची तपासणी करायला गेले होते." कोरियात ऑपरेशन झालेल्या पंधरा हजारांवर लोकांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा सुमारे ११ टक्क्यांना हा कॅल्शियमचा त्रास आणि २ टक्क्यांना स्वरतंतूंचा लकवा आढळला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीर पत्र लिहिलं: लक्षणं नसतील तर थायरॉइडची सोनोग्राफी करू नका. वर्षभरात ऑपरेशनं सुमारे ३५ टक्क्यांनी घटली. स्वतःच्याच पेशाबद्दल एवढं उघड बोलणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी मला मनापासून आदर आहे.

मग सोनोग्राफी वाईट का? मुळीच नाही. गाठ एकदा हाताला लागली किंवा नजरेस पडली की तिला वाचायला यासारखं साधन नाही, फक्त वाचणारा हवा. हे मी मारबतीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी धंतोलीत पाहिलं. मी नागपूरला आले होते आणि वहिनीला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. खांद्याखाली उशी देऊन त्यांनी वहिनीची मान मागे कलती केली, गार जेल लावलं आणि प्रोब हळूहळू फिरवला. आडवा, मग उभा. मग स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाल्या, "आता पाच गोष्टी पाहू."

गाठ भरीव आहे की पाण्याची. आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा उजळ आहे की काळी. आडवी पसरली आहे की उभी वाढली आहे. कड गुळगुळीत आहे की खडबडीत. आणि आत चमकणारे ठिपके आहेत का, असले तर कसे. प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे. निरोगी थायरॉइड म्हणजे कोलॉइड नावाच्या चिकट द्रवाने भरलेल्या बारीक बारीक पिशव्या, त्यांच्यावरून ध्वनी भरपूर परततो म्हणून ती उजळ दिसते. पेशी दाटीवाटीने भरल्या की परतणारा ध्वनी कमी होतो आणि गाठ काळपट दिसते. साधी गाठ पेशींच्या थराला धरून आडवी वाढते. थर ओलांडून वाढणारी उभी होते, म्हणून रुंदीपेक्षा उंच गाठ संशयास्पद. ठिपक्यांचं तर मला फारच नवल वाटलं. चमकत्या ठिपक्यामागे धूमकेतूसारखी मोठी शेपटी असेल तर तो साचलेला कोलॉइड, निरुपद्रवी. शेपटी नसलेले, सुईच्या टोकाएवढे ठिपके म्हणजे चुन्याचे कण असू शकतात, आणि ते पॅपिलरी नावाच्या थायरॉइड कर्करोगात सापडतात.

वहिनीची गाठ पाण्यात भिजलेल्या स्पंजसारखी होती. बारीक बारीक छिद्रंच छिद्रं, एका ठिपक्याला लांब शेपटी. बाईंनी कागदावर आकडा लिहिला: शून्य. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने टायरॅड्स नावाची गुणपद्धत आणली, तिच्यात या पाच गोष्टींना गुण देतात. बेरीज शून्य असेल तर काहीच करायचं नाही. सात किंवा जास्त झाली तर संशय सगळ्यात मोठा, आणि तरीही पेशी काढून तपासायला सुई घालायची ती साधारण १ सेंटिमीटरच्या पुढे. मधल्या पायऱ्यांवर ती मर्यादा दीड आणि अडीच सेंटिमीटर आहे. म्हणजे वहिनीची गाठ दिसायला वाईट असती तरी ७ मिलिमीटरला पहिलं उत्तर लक्ष ठेवणं हेच होतं, अर्थात गाठीबरोबर मानेतल्या लसिका ग्रंथी सुजलेल्या नसतील तर. वहिनी टेबलावरून उठली, पदराने गळ्यावरचं जेल पुसलं आणि तिथंच रडली.

त्या खोलीच्या भिंतीवर नेहमीची पाटी होती: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. नागपुरातल्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये ती असते. यंत्राला जे दिसतं ते सगळं पाहायचंच असं नाही, हे आपण १९९४ मध्ये कायदा करून मान्य केलेलं आहे. त्यामागची कारणं फार वेगळी होती आणि फार गंभीर होती. पण यंत्र कशासाठी वापरायचं हे समाजाने ठरवायचं असतं, ही समज आपल्याकडे आधीपासून आहे. गळ्याच्या बाबतीत ती वापरायला काय हरकत आहे?

सोनोग्राफीच्याही मर्यादा आहेत. फॉलिक्युलर प्रकारचा कर्करोग पडद्यावर कधी कधी अगदी साळसूद दिसतो, आणि सुईच्या तपासणीतही तो साध्या गाठीपासून वेगळा ओळखता येत नाही. त्यासाठी गाठीचं आवरण फुटलंय का ते पाहावं लागतं, म्हणजे गाठ काढावीच लागते. शिवाय आवाज घोगरा झाला, गाठ भराभर वाढली, घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता, लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं, तर शिबिराची वाट पाहू नये. सरळ डॉक्टरकडे जावं.

कर्करोग ठरला तरी लगेच कापायलाच हवं असंही नाही. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून १ सेंटिमीटरपर्यंतच्या पॅपिलरी कर्करोगांवर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये त्यांनी १,२३५ रुग्णांची माहिती छापली. १० वर्षांत ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढल्या त्या ८ टक्के गाठी, आणि मानेतल्या लसिका ग्रंथींत पसरल्या ३.८ टक्के. साठीच्या पुढच्यांत हे प्रमाण आणखी कमी. हे मी दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिथं दर सहा महिन्यांनी बोलावणारे आहेत. इथं कोण आठवण ठेवते?" हा प्रश्न खरा आहे, आणि परदेशातलं उदाहरण तिथेच तोकडं पडतं. लक्ष ठेवणं म्हणजे कुणीतरी खरोखर लक्ष ठेवायला हवं. पण म्हणूनच माझा आग्रह आहे की जी गाठ शोधायचीच गरज नव्हती ती शोधून त्या माणसाला अधांतरी सोडू नये.

दादाच्या मूळ मुद्द्याला माझं उत्तर मात्र नागपुरातच आहे. उशिरा सापडून माणसं मरतात ना? मग खर्रा पाहा. आमच्या चौकात सकाळी सातपासून प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घोटणारे हात दिसतात. माझ्या वर्गातल्या दोन पोरांचं तोंड आता दोन बोटांपलीकडे उघडत नाही. सोसायटीच्या शिबिरात गळ्याची सोनोग्राफी होती, आणि एकाही माणसाला कुणी तोंड उघडायला सांगितलं नव्हतं. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिशीच्या पुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशा तीन ठिकाणच्या कर्करोगांची तपासणी आहे. थायरॉइड त्यात नाही. नुसतं तोंड तपासून काय होतं, हे केरळात तिरुवनंतपुरमला मोठ्या प्रमाणावर पाहिलं गेलं. तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असं २००५ मध्ये छापून आलं. लवकर सापडण्याचा उपयोग कसा होतो तो असा.

सुवॉनला परतल्यावर दादाचा फोन आला. जानेवारीत पुन्हा शिबिर आहे, तो कमिटीवर आहे. "तोंड तपासायला काय काय लागते?" मी सांगितलं, टॉर्च, ग्लोव्हज, लाकडी पट्टी आणि एक दाताचा डॉक्टर. "आणि गळ्याची सोनोग्राफी यादीतून काढायची म्हणते तू?" हो म्हटलं. त्यातून पॅकेज स्वस्त होईल, पण लोकांना ते कमी वाटेल, असं तो म्हणाला. रविवारी मीटिंग आहे. वहिनी तिचे दोन्ही रिपोर्ट घेऊन जाणार आहे, एका ओळीचा तो आणि पाच ओळींचा हा.