सरकलेली गादी तेल चोळून जागेवर बसत नाही

माझ्या भावाच्या गुडघ्यात दात्याचा मेनिस्कस, म्हणजे हाडांमधली कूर्चेची गादी, बसवला त्याला तीन आठवडे झाले. काल सकाळी धायरीला आईकडे गेले, तर गॅसवर वाटीभर तिळाचं तेल कोमट होत होतं आणि त्याच्या कुबड्या फ्रिजमागे नेऊन ठेवलेल्या. मावशीने आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं: 'बदललेली गादी हमखास सरकते, शरीर परकी वस्तू बाहेर ढकलतं. कुबड्या टाका, रोज तेल चोळा, मांडी घालून बसा, गादी जागेवर येते. त्यापेक्षा ऑपरेशनच नको, फाटलेली गादी काढून टाकली तरी चालतं.'

आधी चोळण्याचं आणि मांडीचं, कारण यात पोराचा गुडघा जाईल. गादी सांध्याच्या आत असते, कडेने आवरणाला टाक्यांनी शिवलेली. बाहेरून अंगठा दाबून ती आत ढकलता येत नाही. तिला आवरणाशी जुळून यायला कित्येक आठवडे लागतात. भावाचा ब्रेस 90 अंशांवर अडवून दिलाय तो उगाच नाही. त्यापुढे गुडघा वाकला की गादीच्या मागच्या भागावर ताण वाढतो, आणि मांडी घालताना गुडघा वाकतो तसा पिळलाही जातो. टाके कोवळे असताना हे करायला सांगायचं? शिवाय ऑपरेशननंतर सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली तर सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. याचा विचार हा मेसेज लिहिणाऱ्याने केला होता का?

गादी सरकते, हे मात्र खरं. बऱ्याच जणांची थोडी बाहेर येते. एमआरआयमध्ये हाडाच्या कडेबाहेर 3 मिलिमीटर किंवा जास्त दिसली तर डॉक्टर ती ठळक धरतात. पण अनेक अभ्यासांत या सरकण्याचा आणि रुग्णाच्या दुखण्याचा पक्का संबंध दिसलेला नाही. म्हणजे रिपोर्टात 'गादी सरकली' असं आलं म्हणून ऑपरेशन फसलं असं होत नाही.

आणि ढकलतं ते शरीर नव्हे, वजन. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी आवळून धरते, तशी मेनिस्कसची दोन टोकं हाडात घट्ट असली की तो वजनाखाली बाहेर फाकत नाही. माप मोठं निघालं किंवा टोक जरा चुकीच्या जागी बसलं की फाकतो. म्हणूनच सुरुवातीला कुबड्या. किडनी बदलल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधं लागतात, तशीही इथे लागत नाहीत.

राहिलं 'काढून टाकली तरी चालतं'. फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने 1948 मध्येच एक्स-रे घेऊन दाखवलं होतं की मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यात हाडाला कंगोरा येतो, गोलाई चपटी होते, सांध्यातली फट कमी होते.

मावशीला लगेच फोन केला. तिला हे भिशीच्या ग्रुपवर आलं होतं. त्याच मेसेजखाली माझं हे उत्तर टाक म्हणून तिला सांगितलंय. भावाच्या कुबड्या परत पलंगाशी आणून ठेवल्यात.