“आईच्या चुकीने बाळ पोटात दगावतं” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या माहेरच्या ग्रुपवर हा मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. वर “प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचवा”, खाली जोडलेले हात. सांगणं थोडक्यात असं: बाळ पोटात दगावतं ते आईच्या चुकीमुळे. ग्रहणात विळीला हात लावला, हात उंचावून कपडे वाळत घातले की नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते. नवव्या महिन्यात बाळ शांत होतं, घाबरू नये. आणि घडलंच तसं, तर बाळ आईला दाखवू नये, लगेच पुढच्याची तयारी करावी.

मी चौदा वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे. उत्तर मेसेजच्या क्रमाने देत नाही, कारण यातलं एकच वाक्य जिवावर बेतणारं आहे.

“नवव्या महिन्यात बाळ शांत होतं.” होत नाही. जागा अपुरी पडते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी वळवळ, सरकणं जाणवतं. पण हालचाल कमी होत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. “काल दुपारपासून हललं नाही, पण घरचे म्हणाले सकाळपर्यंत बघू,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! मग जेली लावून डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, पोटावर फिरवायचं. खरखर येते आणि मधेच ठोके. नातेवाईक म्हणतात, “ऐकू येतंय की!” माझी बोटं तेव्हा तिच्या मनगटावर असतात. दोन्ही ठोके एकाच वेळी पडत असतात; म्हणजे ते तिचेच. म्हणूनच ऑनलाइन मिळणारं डॉपलर घरी आणून खात्री करू नका. लवकर दवाखान्यात आलं म्हणून प्रत्येक बाळ वाचतं असं नाही, पण वाट बघून एकही वाचत नाही.

ग्रहणाचा काही संबंध नाही. नाळेचं म्हणाल, तर साधारण दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती जन्मताना वेढा असतो आणि त्यातली बहुतेक ठणठणीत रडतात. वेढा बाळाच्याच हलण्याने पडतो, आईच्या हात वर करण्याने नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 20 लाख बाळं 28 आठवड्यांनंतर मृत जन्मली. त्यातली 3 लाखांहून जास्त भारतात, कुठल्याही देशापेक्षा जास्त. एवढ्या सगळ्या बायकांनी ग्रहणात भाजी चिरली होती? जगभरात चाळीस टक्क्यांहून जास्त मृत्यू तर कळा सुरू झाल्यावर होतात. तिथे गाडी वेळेवर आली का, ठोके कुणी मोजले का, सिझेरियनची सोय होती का, हे विचारायचं. बाकी कारणं म्हणजे वाढलेला रक्तदाब, साखर, बाळाची खुंटलेली वाढ, वार (प्लासेंटा) आधीच सुटणं, दिवस उलटून जाणं, आणि सिफिलिससारखा संसर्ग, जो साध्या रक्ततपासणीत कळतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. कधीकधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

मेसेजमध्ये मशेरीचा म नाही, हे मला विशेष वाटलं. मुंबईतल्या गर्भवतींवरचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू, मशेरी लावणाऱ्यांमध्ये मृतजन्माचा धोका अडीच पटींच्या आसपास निघाला. ती सवय बहुधा घरातूनच लागते, त्यामुळे सोडवायलाही घरानेच बसावं. आणि सातव्या महिन्यानंतर झोपताना कुशीवर, डाव्या किंवा उजव्या. जाग आल्यावर उताणी दिसलात तर नुसतं वळा.

“लगेच पुढची तयारी.” आधी वार तपासायला पाठवली का, ते विचारा. पुढच्या खेपेची काळजी त्या तपासणीच्या कागदावर ठरते. शिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं, आणि हे तिला कुणीच सांगितलेलं नसतं. ब्लाउज भिजतो आणि ती कोलमडते. दूध थांबवायची गोळी असते, पण रक्तदाब असेल तर चालत नाही, तेव्हा मनाने घेऊ नका. नोकरीवर “मूल नाही तर रजा कसली” म्हणतात. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या व्याख्येत मूल म्हणजे मृत जन्मलेलं मूलसुद्धा होतं; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. झोप उडाली, जगणं नकोसं झालं तर 14416 ही टेलिमानसची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

राहिलं “बाळ दाखवू नये.” ठरवायचं तिने. आम्ही दुपट्यात गुंडाळून ठेवतो आणि विचारतो. नको म्हणाली तर तासाभराने परत विचारतो. स्टॅम्पपॅडवर पाऊल टेकवून ठसा घेतो, तो कपाटात राहतो, मागेल तेव्हा देतो. एकदा भूल उतरायच्या आत घरच्यांनी बाळ नेलं. तिच्या भल्यासाठीच. वर्षभराने ती दुसऱ्या खेपेच्या तपासणीला आली, केसपेपर हातात धरून रांग सोडून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “सिस्टर, त्याला केस होते का हो?”

होते. मला आठवत होतं.