यादीत दिसत नाही, म्हणून उपकरण बिघडले असे ठरत नाही

मालवण, तारकर्ली, देवबागपासून वर गुहागर-दापोलीपर्यंत निवास-न्याहारी चालवणाऱ्यांच्या आणि लहान दुकानदारांच्या व्हॉट्सॲप गटांत पावसाळा सुरू झाला की एक लांबलचक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: प्रिंटर, टीव्ही किंवा कॅमेरा मोबाइलवर दिसेनासा झाला तर इंटरनेट गेले असे समजावे, एकाच वायफायवरची उपकरणे एकमेकांना आपोआप दिसतात, त्यामुळे इंटरनेट असूनही एखादे दिसत नसेल तर ते बिघडले आहे, खात्रीसाठी पिंग करावे (उपकरणाच्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर येते का पाहावे), उत्तर आले नाही तर उपकरण गेलेच, मोबाइल आणि उपकरण दोन्ही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच असावे लागतात. दुसरा कॉम्प्युटर दिसत नसेल तर फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी कॉम्प्युटरची तटबंदी) बंद करून ‘एसएमबी १’ (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करावे. आणि यादीत अनोळखी नाव आढळले तर वायफाय हॅक झाले आहे. लिहिणाऱ्याचा हेतू मदतीचाच असावा आणि यातील काही वाक्ये अर्धी खरीही आहेत. पण या सल्ल्यावर विसंबून धडधाकट प्रिंटर भंगारात जातात आणि हिशेबाचा कॉम्प्युटर पाहुण्यांच्या मोबाइलसमोर उघडा पडतो, म्हणून प्रत्येक दाव्याचे उत्तर देणे आवश्यक वाटते.

या सगळ्या दाव्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: मोबाइलवर दिसणारी यादी म्हणजे नेटवर्कवरील उपकरणांची संपूर्ण हजेरी. प्रत्यक्षात त्या क्षणी, त्या एका प्रश्नाला ज्यांचे उत्तर मोबाइलपर्यंत पोहोचले तेवढीच नावे त्या यादीत येतात. उपकरण सापडणे आणि उपकरणाशी जोडणी होणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले फसले तरी दुसरे बहुधा व्यवस्थित होते.

इंटरनेटचा दावा आधी पाहू. घरचा राउटर उपकरणांना बहुधा देतो ते १९२.१६८ ने सुरू होणारे आकड्यांचे पत्ते (आयपी पत्ते) खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या, इंटरनेटच्या नियमांच्या ‘आरएफसी’ मालिकेतील दस्तऐवजात तशी तरतूद आहे आणि असे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाहीत. मोबाइलवरून प्रिंटरला दिलेली पाने मोबाइलकडून राउटरकडे आणि राउटरकडून प्रिंटरकडे जातात. त्यासाठी त्यांना घराचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. वाटेत झाड पडून फायबर तुटली आणि दोन दिवस इंटरनेट नसले, तरी राउटर आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर चालू असतील तर पावती छापता येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळल्यानंतर ज्या गावांनी कित्येक दिवस वीज आणि मोबाइलचे टॉवर दोन्ही बंद पाहिले, त्यांना हा फरक विशेष उपयोगाचा आहे, कारण अशा वेळी जनरेटरवर राउटर चालवून घरातल्या घरात बरेच काम उरकता येते. दाव्यातील खरा भाग एवढाच की काही स्वस्त कॅमेरे आणि स्मार्ट प्लग आपल्या ॲपशी थेट बोलत नाहीत, कंपनीच्या सर्व्हरमार्फत बोलतात. तसेच मोबाइलवरून टीव्हीवर पाठवलेला यूट्यूबचा व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून घेतो. अशा उपकरणांना इंटरनेट लागते, प्रिंटरला आणि डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डब्याला) सहसा लागत नाही.

मग पावसाळ्यातच प्रिंटर ‘ऑफलाइन’ का होतो? याचे कारण बहुतेक वेळा लाईट जाण्यात असते. डीएचसीपी या पद्धतीने राउटर प्रत्येक उपकरणाला ठराविक मुदतीपुरता पत्ता देतो. घरगुती वापराचे अनेक राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाले की आधी कोणाला काय दिले होते ते विसरतात, आणि लाईट आल्यावर जो आधी मागेल त्याला रिकामा पत्ता देऊन टाकतात. गणपतीत घर चाकरमान्यांनी आणि त्यांच्या मोबाइलनी भरलेले असते, तेव्हा ही अदलाबदल आणखी होते. काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.१२ वर जातो, कॉम्प्युटर मात्र नोंदवून ठेवलेल्या जुन्या पत्त्यावरच पाने पाठवत राहतो आणि शेवटी प्रिंटर ऑफलाइन असल्याचे सांगतो. प्रिंटरवरूनच त्याचे नेटवर्क माहितीचे पान छापून घेतले तर त्यावर चालू पत्ता आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा, कारखान्यात दिलेला क्रमांक) दोन्ही मिळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवला की हा प्रश्न मिटतो, आणि त्यासाठी जास्त वेगाचा प्लॅन घेण्याची काहीच गरज पडत नाही.

एकाच वायफायवरची उपकरणे एकमेकांना आपोआप दिसतात, या दाव्यावर अधिक थांबावे लागेल, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. प्रिंटर आणि टीव्ही शोधण्यासाठी आज मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात. एक म्हणजे एमडीएनएस. तिचे प्रमाणित रूप फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ म्हणून प्रसिद्ध झाले आणि तीत प्रश्न २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर (ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) विचारला जातो. दुसरी एसएसडीपी, ती २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० या पोर्टवर चालते. दोन्हींत मध्यवर्ती नोंदवही नसते. वाडीत उभे राहून कोणी हाळी द्यावी आणि ज्याला ती ऐकू येईल त्याने ओ द्यावी, तसा हा प्रकार आहे. हाळी व्हाळापलीकडच्या वाडीत पोहोचत नाही, आणि पलीकडून ओ आली नाही म्हणजे तिथे कोणी राहत नाही असे कोणी म्हणत नाही. इथे तो व्हाळ म्हणजे राउटर. एमडीएनएसचे प्रश्न राउटर पुढच्या नेटवर्कात जाऊ देत नाही, आणि हा बिघाड नसून ती रचनाच तशी आहे.

आपल्याकडच्या घरांत हा व्हाळ नकळत तयार होतो. कार्यालयाच्या खोलीत इंटरनेट कंपनीचा ओएनटी डबा (फायबर जिथे येते तो, राउटरचेही काम करणारा) आणि त्याला जोडलेला प्रिंटर असतो. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून सिग्नल पलीकडे जात नाही, म्हणून खळ्यावरून केबल ओढून पाहुण्यांच्या खोल्यांपाशी दुसरा राउटर बसवला जातो, आणि केबल त्याच्या ‘वॅन’ (बाहेरच्या बाजूची जोडणी) लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या खाचेत खोचली जाते. दोन्हीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड सारखाच ठेवला की बाहेरून सगळे एक वाटते, पण आत दोन नेटवर्क झालेली असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. मोबाइलच्या वायफाय तपशिलात पत्ता १९२.१६८.०.१०३ दिसत असेल आणि प्रिंटरच्या पानावर १९२.१६८.१.२५ छापलेले असेल, तर घरगुती राउटरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तिसरा आकडा वेगळा असणे म्हणजे नेटवर्क वेगळे असणे. गंमत अशी की याच मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२५ टाइप केले तर प्रिंटरचे स्वतःचे पान सहसा उघडते, कारण दुसरा राउटर बाहेरच्या दिशेची वाहतूक अडवत नाही. म्हणजे यादीत नसलेला, संदेशाच्या हिशेबाने ‘बिघडलेला’ प्रिंटर समोर उघडतो. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकावे. तो मोड नसेल तर त्याला पहिल्या राउटरच्या ओळीतला मोकळा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि मग केबल लॅनच्या (आतल्या उपकरणांसाठीच्या) खाचेत लावावी.

याखेरीज आणखी काही कारणे आहेत. ‘गेस्ट’ नेटवर्कवर किंवा एपी आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी राउटरची सोय) चालू असताना मोबाइल एकमेकांना आणि घरातील उपकरणांना दिसत नाहीत, आणि निवास-न्याहारीच्या घरात ते तसेच असायला हवे. पाहुण्याला तिकीट छापायचे असेल तर त्याने पीडीएफ मालकाला पाठवावी, त्यासाठी आयसोलेशन काढून टाकणे मला मुळीच पटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून आयफोनमधील प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्क पाहण्यासाठी वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर घाईने ‘नको’ म्हटले तर त्या ॲपची यादी रिकामीच राहते. शिवाय वायफायवर राउटरकडून सर्वांना उद्देशून निघालेल्या संदेशाची पोच घेतली जात नाही आणि तो हरवला तर पुन्हा पाठवला जात नाही, एकाला उद्देशून पाठवलेला संदेश मात्र पोच येईपर्यंत काही वेळा पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे सिग्नल कमकुवत असलेल्या पडवीत शोध फसतो आणि थेट पत्ता टाकून केलेली जोडणी चालते, हे पुष्कळदा घडते.

पिंगचा दावा अर्धवट आहे. विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट’ म्हणून न नोंदवलेल्या नेटवर्कवर विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही, आणि काही कॅमेरेही देत नाहीत. तरी ती उपकरणे आपले काम करत असतात. एकाच नेटवर्कातील उपकरणाशी बोलण्याआधी कॉम्प्युटरला एआरपी या पद्धतीने, ‘हा आयपी पत्ता कोणाचा’ असे पुकारून, त्याचा मॅक पत्ता विचारावा लागतो. ही पद्धत नोव्हेंबर १९८२ च्या आरएफसी ८२६ पासून चालत आली आहे. त्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय उपकरणाला नेटवर्कवर काम करता येत नाही, आणि फायरवॉल सहसा त्याच्या आड येत नाही. म्हणून पिंग फसल्यावर ते कोणत्या शब्दांत फसले ते वाचावे. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले तर उपकरण तिथे असून गप्प असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आले तर एआरपीलाच उत्तर मिळालेले नाही, म्हणजे त्या पत्त्यावर सध्या कोणी नाही. पाठोपाठ ‘एआरपी -ए’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की ज्यांनी उत्तर दिले त्यांचे आयपी आणि मॅक पत्ते शेजारी-शेजारी दिसतात.

२.४ गिगाहर्ट्झबद्दल थोडक्यात सांगता येईल. अनेक प्रिंटर आणि स्मार्ट प्लग फक्त २.४ वर चालतात हे खरे आहे, आणि पहिल्यांदा जोडताना काही ॲप मोबाइलही त्याच पट्ट्यावर मागतात. एकदा जोडणी झाली की राउटर दोन्ही पट्टे एकाच नेटवर्कात धरतो, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झवरचा मोबाइल २.४ वरच्या प्रिंटरला पाने पाठवू शकतो.

फायरवॉल आणि ‘एसएमबी १’ यांचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. पूर्वी विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत शेजारचे कॉम्प्युटर दिसत, ते एसएमबी १ वर अवलंबून असलेल्या जुन्या सेवेमुळे. त्याच एसएमबी १ मधील दोषाचा वापर करून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर जगभर पसरले. मायक्रोसॉफ्टने त्या दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ मुळातून घातलेले नसते, म्हणून ती खिडकी रिकामी दिसू लागली. दुकानातील बिलिंगचा फोल्डर मात्र तेव्हाही उघडत होता आणि आजही उघडतो. ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे त्या कॉम्प्युटरचा पत्ता किंवा नाव लिहिले की झाले. खिडकीत नाव दिसायलाच हवे असेल तर त्या कॉम्प्युटरवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू करावी आणि आपल्या विश्वासाचे नेटवर्क विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवावे. एवढे केल्यावर फायरवॉल चालू राहूनही शोध लागतो. तो बंद करून आणि एसएमबी १ परत आणून मिळते ते फक्त नाव दिसण्याचे समाधान.

अनोळखी नावांची भीती समजण्यासारखी आहे, कारण संदेशातील एवढाच दावा सुरक्षिततेबद्दल आहे. पण मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून नेटवर्क पाहणारी ॲप जे नाव दाखवतात, ते आतील चिप किंवा नेटवर्कचा भाग बनवणाऱ्या कंपनीचे असते. गीझरच्या स्मार्ट प्लगचा मालक ‘एस्प्रेसिफ’ हे नाव पाहून घाबरतो, तेव्हा ती त्याच्या प्लगमधली चिप असण्याचा संभव अधिक असतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक पत्ता लपवून वायफायच्या प्रत्येक नावासाठी वेगळा, बनावट पत्ता वापरतात. म्हणून एकच मोबाइल दोन वायफाय नावांवर दोन पत्त्यांनी दिसतो आणि त्यापुढे कंपनीचे नाव येत नाही. असा पत्ता ओळखता येतो: त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असते. इतके पाहूनही एखादी नोंद कोणाची ते कळत नसेल तर घरातली उपकरणे एकेक बंद करून यादीतून काय नाहीसे होते ते पाहावे, आणि तरीही ती टिकली तर पासवर्ड अवश्य बदलावा. फक्त त्याआधी प्रिंटर, डीव्हीआर आणि प्लग यांचे मॅक पत्ते वहीत उतरवून ठेवावेत, कारण वायफायवर असलेले प्रत्येक उपकरण नव्या पासवर्डने पुन्हा जोडावे लागते आणि तेव्हा कोणता पत्ता कोणाचा हे त्या वहीतूनच कळते.