खेळणी उकळू नका, आणि बाळाच्या हातात तर मुळीच देऊ नका

'बर्गरबरोबर मिळालेली कार्टून सिनेमांची जुनी खेळणी म्हणजे लाखोंचा खजिना' हा मेसेज पुन्हा फिरतोय. भाचीने तो पाठवून विचारलं, "मामा, माळ्यावरचा खोका काढू का?" खोका जरूर काढ, पण मेसेजमधलं काही करू नकोस.

सगळ्यात घातक वाक्य शेवटी आहे: 'स्वच्छ करून घरातल्या बाळाला द्या, तेव्हाचं प्लास्टिक शुद्ध होतं.' आणि सोबत फोटो कशाचा, तर पोकेमॉन या जपानी कार्टूनमधल्या लाल-पांढऱ्या चेंडूचा! पहिल्या पोकेमॉन सिनेमाच्या वेळी, १९९९मध्ये, बर्गर किंग या रेस्तराँ-साखळीने अमेरिकेत वाटलेला हा चेंडू दोन अर्ध्या वाट्यांत उघडतो. वाटी बाळाच्या नाका-तोंडावर बसली की चिकटून राहते. १३ महिन्यांचं एक बाळ त्यात गुदमरून गेलं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २७ डिसेंबर १९९९ रोजी चेंडू परत मागवले. चेंडूच्या बदल्यात फ्राइजचं छोटं पाकीट. राहिलं 'शुद्ध' प्लास्टिक. खेळण्यांच्या रंगात शिशाची कमाल मर्यादा तिथे ६००वरून ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आली ती २००९मध्ये. नव्वदच्या दशकातलं खेळणं त्या कसोटीवर तेव्हा तपासलेलंच नाही.

मेसेजमधल्या 'दुर्मिळ' या दाव्याची हवाही चेंडू परत मागवणारी तीच नोटीस काढते. परत मागवलेल्या चेंडूंचा आकडा होता अडीच कोटींहून जास्त! लिलावाच्या साइटवर कुणी काय किंमत मागतंय ते पाहू नका. 'विकलेले' हा फिल्टर लावा, उत्साह आपोआप उतरतो. हां, एवढं मान्य करावं लागेल की न उघडलेला पूर्ण संच, काउंटरवर मांडायचा डिस्प्ले किंवा तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कमी संख्येने काढलेलं वेगळं खेळणं, यांना बरे पैसे मिळतात. खोक्यात सुटं पडलेलं, रंग उडालेलं खेळणं त्यात बसत नाही.

आता साफसफाई. 'उकळत्या पाण्यात ब्लीच घालून दहा मिनिटं' हे ज्याने लिहिलं त्याने खेळणं कधी हातात धरलेलं नसावं. मऊ पीव्हीसी प्लास्टिकचे कान-शेपट्या त्या पाण्यात वाकड्या होतात, स्टिकर सुटतात, ब्लीचने स्क्रू आणि स्प्रिंग गंजतात. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश एवढं पुरे. चावीचं किंवा बॅटरीचं खेळणं पाण्यात बुडवायचंच नाही, ओलसर कापडाने पुसायचं. बॅटरीचं झाकण मात्र आधी उघडा. बटण सेल गळून पत्र्यावर पांढरी-हिरवी पापडी धरलेली असते. ती अल्कधर्मी असते, म्हणून कानकाडीवर व्हिनेगर घेऊन टिपा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. त्यातलं अ‍ॅसिटोन डोळ्यांची छपाई तर पुसतंच, खालचं एबीएस नावाचं कडक प्लास्टिकही विरघळवतं.

एखादी मऊ बाहुली चिकट लागत असेल तर ती मळलेली नाही, पीव्हीसीमधला मऊपणा देणारा द्रव बाहेर येतोय. साबणाने धुतली तरी काही महिन्यांनी पुन्हा चिकटेल. ती कडक प्लास्टिकच्या खेळण्याला टेकवून ठेवलीत तर तो द्रव त्यात उतरतो आणि तिथे वितळल्यासारखा डाग पडतो, जो निघत नाही. त्यामुळे प्रत्येक खेळणं वेगळं, मध्ये आम्लमुक्त (अ‍ॅसिड-फ्री) कागद, आणि खोका उन्हापासून दूर.

मेसेजमधलं 'तळाशी चायना लिहिलं असेल तर नकली' हेही बिनबुडाचं. अस्सल खेळणीही बहुतेक तिथेच बनायची. तळाचं सालही निर्मितीचं असेलच असं नाही, अनेकदा ते कॉपीराइटचं असतं. आणि मेसेजमधला तो 'लायन किंगचा मॅकडोनाल्ड्स संच, १९९४'? त्या वर्षी अमेरिकेत ती खेळणी बर्गर किंगने दिली होती.

शेवटी मेसेजमधलं ते '२३ कॅरेट सोन्याचं' पोकेमॉन कार्ड. कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता, वजन नव्हे. कार्डावर आहे तो नुसता मुलामा, आणि तेव्हा ते बर्गर किंगच्या काउंटरवर १.९९ डॉलरला मिळत होतं. सोनाराकडे नेऊन हसं करून घेऊ नका.