‘घरी बनवलेली’ चकमकीची रायफल: चार दावे, चारही अर्धवट

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून चकमकीच्या ठिणगीने उडवायच्या बंदुकीबद्दलचा एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: जुन्या काळी अमेरिकेच्या सरहद्दीवरचा शेतकरी आपली लांब रायफल नळीपासून चापापर्यंत स्वतःच्या झोपडीत घडवायचा. त्याच रायफलींनी इंग्रजांना हरवलं. आजही तिथले हौशी लोक गॅरेजमध्ये अगदी तशीच बंदूक बनवतात. आणि ती ‘अँटिक’ ठरते, म्हणून परवान्याची भानगड नाही. तेव्हा आपणही बनवू शकतो. यातलं शेवटचं वाक्य वाचून कुणी खरोखर कामाला लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ती झोपडी. पुढे केंटकी रायफल म्हणून गाजलेली बंदूक घडली ती प्रामुख्याने पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन मुलखातून आलेल्या कारागिरांच्या हातून. शेतकरी ती पैसे मोजून घ्यायचा. बरं, तो कारागीरही सगळं एकटा करत नसे. चापाची, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा बऱ्याचदा इंग्लंडहून किंवा जर्मनीकडून जहाजाने तयार यायची. नळीसाठी लोखंडाची जाड पट्टी सळईभोवती वळवायची आणि पांढरी होईस्तोवर तापवून दोन-चार बोटं, दोन-चार बोटं अशी सांधत न्यायची. एकाने धरायचं, दुसऱ्याने घण घालायचा. मग आतून भोक साफ करायचं, नळी सरळ करायची आणि शेवटी आतल्या पेचदार खाचा पाडायच्या. या खाचांचं काम बघण्यासारखं असतं. लांब बाकावर पेच कोरलेला एक लाकडी दंडगोल असतो. तो मागेपुढे ओढला की स्वतःभोवती फिरतो आणि त्याला जोडलेल्या गजाच्या टोकाचं पातं नळीच्या आत तसाच पेच कापत जातं. एका खेपेला निघतो केसासारखा कीस. खाच आणखी खोल हवी, तर पात्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा, पुन्हा ओढायचं. बहुतेक नळ्यांत अशा सात खाचा असत. नांगर सोडून शेतकरी हे करत बसला असता, तर उपाशीच मेला असता.

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या जिवंत संग्रहालयात, म्हणजे जुनी कामं प्रत्यक्ष करून दाखवतात तिथे, बंदूककार वॉलेस गसलर यांनी १९६०च्या दशकात अठराव्या शतकातली हत्यारं आणि तंत्रं वापरून अशी रायफल पूर्ण घडवली, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप झालं! त्यावर १९६९ साली माहितीपट निघाला. घरोघरी चालणाऱ्या कामावर माहितीपट निघत नाहीत.

मग आजचे गॅरेजवाले? त्यांची नळी कारखान्यातल्या आधुनिक पोलादाची असते आणि चापाचे भाग ओतीव, विकत घेतलेले. यावरून कुणी ‘हॅ, नुसती जोडाजोडी’ म्हणेल, तर तेही चूक. कस लागतो तो लाकडात. मॅपल झाडाच्या लाकडी दस्त्यात नळी आणि चाप बसवायचे, तर लोखंडाला काजळी फासतात, ते लाकडात दाबून उचलतात आणि जिथे काळा डाग उमटला तेवढंच पटाशीने तासतात. परत काजळी, परत दाब. यात महिने जातात. घाई केली की फट राहते, आणि लाकूड एकदा गेलं की गेलं. नंतर लोखंड विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड लावून दस्ता शेकतात. मळकट हिरवट दिसणारं लाकूड बघता बघता तांबूस तपकिरी होतं. अशा कामाचं कौतुक जरूर करावं, पण ‘अगदी तशीच’ म्हणू नये. त्या फिरत्या मजकुराखाली ‘नळाचा पाइपही चालतो’ असा सल्ला देणारे भेटतात. तो पाइप या दाबासाठी केलेलाच नसतो. तो फुटतो आणि हात, डोळे घेऊन जातो.

युद्धाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७७ साली साराटोगाच्या लढाईत अमेरिकी अधिकारी डॅनियल मॉर्गनच्या रायफलवाल्यांनी मोठी कामगिरी केली, हे खरं. पण रायफल भरायला वेळ लागे आणि तिला संगीन बसत नसे, म्हणून त्यांच्या जोडीला संगीनवालं पायदळ द्यावं लागलं. अमेरिकी सेनापती वॉशिंग्टनच्या फौजेचा मुख्य भर मस्केटवर, म्हणजे आतून खाचा नसलेल्या साध्या नळीच्या बंदुकांवर होता, आणि त्यातल्या पुष्कळशा फ्रान्सहून आल्या होत्या.

आता परवाना. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका सहसा ‘फायरआर्म’मध्ये धरत नाहीत, तिथेही राज्यागणिक नियम वेगळे. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे, आणि त्यात स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारं कोणतंही हत्यार येतं, मग बार काडतुसाचा असो की ठासणीचा. कोकणात पीक राखायला शेतकरी ठासणीची बंदूक ठेवतात ती परवान्यावरच, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. ‘अँटिक’ची सवलत कलम ४५ मध्ये आहे खरी, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्यारापुरती. नवी कोरी, बार उडवणारी रायफल त्यात कशी बसणार? परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा वेगळाच गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिवाय बंदुकीची दारू घरी करायला गेलात, तर १८८४चा स्फोटक कायदा आहेच.