रोबोटिक शस्त्रक्रियेत सरकारचा वाटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

रोबोटिक शस्त्रक्रियेच्या विकासात सरकारचा वाटा मोठा आहे, या माझ्या म्हणण्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. रोबोटिक शस्त्रक्रिया खासगी कंपन्यांनी घडवली, सरकारने रणांगणासाठी ओतलेला पैसा वाया गेला आणि पुढे मान्यतेच्या कागदपत्रांनी प्रगती रोखली, असा आपल्या आक्षेपाचा सारांश आहे. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे, दुसरा मला पटत नाही आणि तिसऱ्याबाबत माझे मत आपल्या नेमके उलट आहे.

कंपन्यांचे कर्तृत्व मी नाकारत नाही. प्रयोगशाळेतले यंत्र शस्त्रक्रियागृहात रोज विश्वासाने वापरता येईल इतके पक्के करणे अत्यंत अवघड होते आणि ते त्यांच्या अभियंत्यांनी केले. मात्र १९९५ साली स्थापन झालेल्या इन्ट्युइटिव्ह सर्जिकल या कंपनीने ‘दा विंची’ या आपल्या शस्त्रक्रियेच्या रोबोटसाठी ज्या तंत्रज्ञानाचे हक्क घेतले, त्यात कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधन संस्थेची दूरस्थ शस्त्रक्रियेची यंत्रणा महत्त्वाची होती. त्या यंत्रणेला आधी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आणि नंतर संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन विभागाचे अनुदान होते. कॉम्प्युटर मोशन या प्रतिस्पर्धी कंपनीचा, दुर्बीण धरणारा ‘एसॉप’ हा यांत्रिक हात १९९४ मध्ये मान्य झाला, त्याच्याही विकासाला नासाचे साहाय्य होते. गुंतवणूकदार आले ते चालता नमुना पाहून. तो नमुना तयार होईपर्यंतचा, कोणताही ग्राहक दृष्टिपथात नसतानाचा खर्च कोणी सोसला, एवढाच माझा प्रश्न होता.

आता रणांगणाविषयी. जखमी सैनिक आघाडीवर आणि सर्जन मागे सुरक्षित ठिकाणी, हे मूळ उद्दिष्ट साध्य झाले नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जाक मारेस्को या फ्रेंच सर्जननी फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या रुग्णाचे पित्ताशय काढले, पण त्यासाठी वेगवान फायबर जोडणी खास राखून ठेवावी लागली होती, शिवाय रुग्णाजवळ डॉक्टरांचे पथक सज्ज होते. आघाडीवर यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. तरीही त्या उद्दिष्टामुळेच सर्जनचा हात आणि उपकरण यांच्यातला थेट यांत्रिक दुवा तोडणे भाग पडले. हाताची हालचाल एकदा विद्युत संदेशात बदलली, की ती लहान प्रमाणात उतरवता येते, तिच्यातला कंप गाळता येतो आणि ती शरीराच्या आत मनगटासारख्या वळणाऱ्या टोकापर्यंत पोहोचवता येते. आज सर्जन बहुतेक वेळा रुग्णापासून काही फुटांवर, त्याच खोलीत बसतो, पण त्याला मिळणारी ही अचूकता दूरवरून शस्त्रक्रिया करण्याच्या त्या खटाटोपातूनच परिपक्व झाली आहे. एवढे हाती लागले असताना त्या खर्चाला वाया गेलेला म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला मान्यतेचा मुद्दा. ‘दा विंची’ला २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जी परवानगी दिली, ती आधीच्या उपकरणांशी साधर्म्य दाखवण्याच्या, तुलनेने सोप्या मार्गाने. प्रत्येक कर्करोगात रुग्ण किती काळ जगतो, याचा पुरावा त्या मार्गात मागितला जात नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळले. त्या गटात रोबोटिक शस्त्रक्रिया थोड्या आणि साध्या दुर्बिणीच्या बहुसंख्य होत्या, हे नमूद करायलाच हवे. तरी पुढच्याच वर्षी, म्हणजे यंत्र वापरात येऊन जवळपास दोन दशके झाल्यावर, याच प्रशासनाला जाहीर करावे लागले की कर्करोगाच्या उपचारासाठी या यंत्रांची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. येथे सरकार चुकले असेल, तर पुरावा उशिरा मागण्यात.

शेवटी आपण विचारले आहे की, सरकारने आता बाजूला व्हावे की नाही. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. जपानने २०१२ मध्ये प्रॉस्टेटच्या रोबोटिक शस्त्रक्रियेला सार्वजनिक विम्यात घेतले आणि २०१८ मध्ये ती सोय आणखी काही शस्त्रक्रियांना दिली. जे सरकार शस्त्रक्रियेचे पैसे देते, ते त्या बदल्यात प्रत्येक रुग्णाच्या निकालाची नोंद मागू शकते. ही नोंद रुग्णालयाच्या किंवा यंत्र विकणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता, पैसे मिळण्याची अट म्हणून ठेवावी आणि तिचे निष्कर्ष सर्वांना पाहता यावेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.